दख्खनच्या बेसाल्टचं वय आणि रसायन: घाटातल्या हातोड्यापासून छापायच्या आकड्यापर्यंत

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली मुलं येतात आणि विचारतात, "प्लॅटो येत नाही, काय करू?" किंवा "बेरीज ९६ येते, मशीन बिघडलंय का?" (प्लॅटो म्हणजे नमुना पायरीपायरीने तापवताना सलग पायऱ्यांत सारखं येणारं वय; बेरीज म्हणजे खडकातल्या सगळ्या ऑक्साइडांच्या टक्क्यांची, जी १०० च्या जवळ हवी.) मशीन सहसा ठीक असतं. नमुना घाटात चुकीच्या जागी उचललेला असतो, नाहीतर चुकीच्या गिरणीत दळलेला असतो, आणि त्यानंतर लाखभर रुपयांचं विश्लेषण केलं तरी ते सावरत नाही. म्हणून या लेखात यंत्रांबद्दल कमी आणि यंत्रापर्यंत पोचायच्या वाटेबद्दल जास्त लिहिलं आहे. उदाहरणं सगळी सह्याद्रीतल्या बेसाल्टची आहेत, पण क्रम कुठल्याही जुन्या अग्निजन्य खडकाला लागू पडतो.

१. घाटात जाण्याआधी: पद्धत ठरवा

"वय काढायचं आहे" हा प्रश्न पुरेसा नाही. किती बारकाईने काढायचं, ते आधी कागदावर लिहा. दख्खनच्या लाव्हाची बहुतेक जाडी साधारण ६६ दशलक्ष वर्षांपूर्वी, दहा लाख वर्षांच्या आतबाहेर साचली. लेझर वापरून झिरकॉनचं युरेनियम-शिसं वय काढलं तर त्यातली खरी अनिश्चितता एक-दोन टक्के असते, म्हणजे ६६ दशलक्षावर साधारण एक दशलक्ष वर्षं. या अनिश्चिततेच्या पट्ट्यात आख्खा सह्याद्री मावतो. वरचा प्रवाह आधीचा की खालचा, हे या पद्धतीने कधीच कळणार नाही.

निवड साधारण अशी करा:

- लाव्हा प्रवाहासाठी: प्लॅजिओक्लेज (कॅल्शियम-सोडियमचं फेल्डस्पार खनिज) वेगळं करून आर्गॉन-आर्गॉन, म्हणजे अणुभट्टीत पोटॅशियमपासून आर्गॉन-३९ बनवून आर्गॉनच्या गुणोत्तरांवरून वय काढणं.
- दोन प्रवाहांमधल्या तांबड्या थरात, म्हणजे रेड बोलमध्ये, ज्वालामुखीय राख असेल तर: झिरकॉन, तेही रासायनिक घर्षण करून आम्लात विरघळवण्याच्या पद्धतीने.
- भरड दाण्यांच्या डाईकसाठी, म्हणजे भेगेत शिलारस गोठून बनलेल्या भिंतीसाठी: बॅडेलाइट (झिरकोनियमचं ऑक्साइड खनिज) सापडतं का ते पाहा.
- साधं पोटॅशियम-आर्गॉन: नको. खडकातून आर्गॉन निसटलाय की बाहेरचा आत अडकलाय, हे ती पद्धत सांगतच नाही. एक आकडा हातात येतो आणि त्यावर विश्वास ठेवायला काहीच आधार नसतो.

बेसाल्टमध्ये झिरकॉन शोधण्यात सहा महिने घालवलेले लोक मी पाहिलेत. सिलिका कमी असलेल्या या शिलारसात झिरकोनियम विरघळलेलंच राहतं, झिरकॉन बनत नाही. चुकून एखादा दाणा मिळाला तर तो खालच्या जुन्या खडकातून वर आलेला असण्याची शक्यता जास्त.

२. घाटात: काय उचलायचं, काय सोडायचं

सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यावर होतं.

आधी प्रवाहाची रचना ओळखा. वर पोकळ्या असलेलं कवच, मधे घट्ट गाभा, तळाशी नळीसारख्या पोकळ्या. नमुना गाभ्यातूनच घ्या. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, तो पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट आणि गारा भरलेला खडक विश्लेषणासाठी निरुपयोगी. त्यातला पांढरा भाग "नंतर वेचून काढू" असं स्वतःला सांगू नका. वेचून निघतो तो डोळ्यांना दिसणारा. भेगांमधला तसाच राहतो.

हिरवट किंवा निळसर हिरवं पोकळीभरण दिसलं तर आणखी लांब राहा. या हिरव्या खनिजात, म्हणजे सेलाडोनाइटमध्ये, भरपूर पोटॅशियम असतं आणि ते लाव्हा थंड झाल्यावर बनलेलं असतं. आर्गॉनचं गणित ते एकटं बिघडवू शकतं.

क्रम:

१. दूरवरून प्रवाहांच्या सीमा बघा आणि वहीत रेखाटन काढा. फोटो पुरत नाही.
२. मोठ्या हातोड्याने बाहेरची तपकिरी साल फोडा, आतला काळा-करडा कातळ येईपर्यंत.
३. ताज्या तुकड्यावर दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसलं तर जागा बदला.
४. रसायनासाठी दोन-तीन किलो. प्लॅजिओक्लेज वेगळं करायचं असेल तर चार-पाच किलो. रेड बोलमधून झिरकॉन हवे असतील तर दहा किलोची तयारी ठेवा, आणि तेही कमी पडू शकतं.
५. प्रत्येक नमुन्याची एक मूठ वेगळ्या पिशवीत "राखीव" म्हणून ठेवा. ती कधीच दळू नका.

सावध: नमुन्यावर नंबर घालायला व्हाइटनर किंवा पांढरा रंग वापरू नका. त्यात टायटॅनियम ऑक्साइड असतं. टायटॅनियमवरून तुम्ही प्रवाहाचा गट (रसायनावरून एकत्र धरलेले प्रवाह) ओळखणार आणि तेच बाहेरून लावणार, हा प्रकार थांबवा. नंबर पिशवीवर आणि पिशवीतल्या चिठ्ठीवर लिहा.

उंचीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथे अनुभवी लोकही फसतात. हातातल्या जीपीएसची उंची सहज दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे होते आणि पातळ प्रवाह तेवढ्यात संपतो. दाबावर चालणारा उंचीमापक घ्या आणि सकाळ-संध्याकाळ ज्ञात उंचीच्या ठिकाणी जुळवा. दुसरं म्हणजे, सह्याद्रीतले गट दक्षिणेकडे अगदी हलके, जेमतेम अर्धा अंश कललेले आहेत. अर्धा अंश म्हणजे दहा किलोमीटरवर सुमारे ८७ मीटर. आंबेनळी घाटात आणि वरंध घाटात एकाच उंचीवर दिसणारे दोन कातळ म्हणून एकाच प्रवाहाचे ठरत नाहीत.

वनक्षेत्रात आणि संरक्षित किल्ल्यांवर परवानगीशिवाय हातोडा चालवू नका. रस्त्याच्या नव्या कापणीत खडक ताजा असतो आणि तिथे प्रश्नही कमी येतात, पण वाहतुकीकडे लक्ष ठेवायला एक माणूस उभा करा. पावसाळ्यात दरड हा पहिला धोका, जळवा त्यानंतर.

तपासा: प्रत्येक नमुन्यासाठी अक्षांश-रेखांश, उंची, प्रवाहातलं स्थान, वर-खाली काय आहे आणि दिशा लिहिलेली आहे का? हे घरी येऊन आठवत नाही.

३. पातळ छेद: इथे अर्धे नमुने गळायला हवेत

०.०३ मिलिमीटर जाडीचा छेद केल्याशिवाय एकही तुकडा क्रशरमध्ये घालू नका. बघायचं ते असं: प्लॅजिओक्लेज स्वच्छ आहे की ढगाळ, ऑलिव्हिनच्या कडेला तांबूस इडिंगसाइट (ऑलिव्हिन बदलून बनलेला पदार्थ) किती, दाण्यांमधल्या काचेचं हिरवट-तपकिरी चिकणमातीत रूपांतर झालंय का, बारीक भेगांत काही भरलंय का.

रसायनासाठी थोडं ऑलिव्हिन बदललेलं चालेल. आर्गॉनसाठी प्लॅजिओक्लेज ढगाळ असेल तर नमुना बाजूला ठेवा. किती लांबून आणलाय हे मनात आणू नका. पंचवीस नमुन्यांतून वयासाठी चार-पाच उरले तर तो हंगाम चांगला गेला असं समजा.

४. फोडणं आणि दळणं

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्या वर्षी मी सगळे नमुने टंगस्टन कार्बाइडच्या रिंग मिलमध्ये दळले, कारण ती पटकन दळते आणि रांग कमी होती. निकाल आले तेव्हा टँटलम इतकं जास्त की मी मँटलबद्दल (पृथ्वीच्या कवचाखालच्या थराबद्दल) दोन पानं सिद्धांत लिहून बसलो. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला: "कशात दळलंस?"

प्रत्येक गिरणी आपलं काहीतरी नमुन्यात सोडते:

- पोलाद: लोह, क्रोमियम, मँगॅनीज.
- टंगस्टन कार्बाइड: टंगस्टन, कोबाल्ट, टँटलम आणि थोडं नायोबियम.
- अल्युमिना: ॲल्युमिनियम.
- अकीक: सिलिका, म्हणजे बेसाल्टमध्ये नगण्य.

सूक्ष्म मूलद्रव्यांसाठी अकीकच वापरा. ते हळू चालतं आणि फुटण्याची भीती असते, म्हणून मोठे तुकडे त्यात टाकू नका. आधी जॉ क्रशरने हरभऱ्याएवढे तुकडे करा.

क्रम:

१. करवतीचे आणि हातोड्याचे डाग सिलिकॉन कार्बाइडच्या कागदावर घासून काढा. पितळी-लोखंडी चमक पूर्ण जाईपर्यंत पुढे जाऊ नका.
२. क्रशर उघडून ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करा. मग त्याच नमुन्याचे थोडे तुकडे घालून फेकून द्या. पुढचे ठेवा.
३. तुकडे द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली हाताने वेचा. पांढरं, हिरवं, गंजलेलं काढून टाका. एका नमुन्याला दीड-दोन तास लागतात, आणि लागू द्या.
४. ऊर्ध्वपातित पाण्यात अल्ट्रासॉनिकमध्ये धुवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा.
५. ओव्हनमध्ये वाळवा. ढीग करून चार भाग पाडा आणि समोरासमोरचे दोन उचला. चमच्याने वरवरचं काढलं तर जड दाणे तळाशी राहतात.
६. अकीकमध्ये ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक होईपर्यंत दळा. बोटांत चोळून खरखर लागली तर अजून बारीक झालं नाही.

सावध: पितळी चाळणी तांबं आणि जस्त सोडते. नायलॉनची चाळणी घ्या. दोन नमुन्यांच्या मधे शुद्ध क्वार्ट्झ वाळू दळून फेका. एकदा ती वाळूही मोजून बघा, म्हणजे तुमच्या गिरणीचं कोरं मूल्य कळेल.

आर्गॉनसाठीचा माल या रांगेत येतच नाही. त्याला भुकटी नको, दाणे हवेत. तो क्रशरनंतर लगेच वेगळा काढा. हे विसरून सगळाच माल दळून टाकणं ही मी पाहिलेली सगळ्यात महागडी चूक.

५. मुख्य ऑक्साइड

भुकटी १०५ ते ११० अंशांवर रात्रभर वाळवा, मग ९५० ते १००० अंशांवर तापवून वजनातली घट मोजा. बेसाल्टमध्ये इथे एक सापळा आहे. तापवताना फेरस लोह ऑक्सिजन घेऊन फेरिक होतं आणि त्याचं वजन सुमारे ११ टक्क्यांनी वाढतं. फेरस ऑक्साइड १० टक्के असेल तर १.१ टक्का वजन वाढतं, तर पाणी-कार्बन डायऑक्साइड उडून घटतं. दोन्ही एकमेकांना खातात. घट ०.४ दिसली म्हणून खडक ताजा असं नाही, खरी घट दीड टक्का असू शकते. घट ऋण आली तर घाबरू नका, ताज्या बेसाल्टमध्ये ते अपेक्षित आहे.

एक्सआरएफसाठी (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजण्याची पद्धत) मुख्य ऑक्साइड वितळवलेल्या काचेच्या चकतीवर मोजा. दाबलेली वडी सूक्ष्म मूलद्रव्यांसाठी ठीक, पण मुख्य ऑक्साइडसाठी दाण्यांचा आकार आणि खनिजांचा फरक तिच्यात त्रास देतो. प्रत्येक तुकडीत बीएचव्हीओ-२ हे हवाईचं बेसाल्ट आणि बीसीआर-२ हे कोलंबिया नदीचं बेसाल्ट, ही प्रमाण द्रव्यं अनोळखी नमुन्यासारखीच चालवा. बीएचव्हीओ-२ मध्ये सिलिका ४९.९, टायटॅनियम ऑक्साइड २.७३ आणि पोटॅशियम ऑक्साइड ०.५२ टक्के यायला हवं.

तपासा: बेरीज ९८.५ ते १०१ च्या बाहेर असेल तर नमुना पुन्हा करा. १०० ला "नॉर्मलाइज" करून झाकू नका. नॉर्मलाइज करायचंय ते आकृतीत टाकताना, तेही मूळ बेरीज सोबत छापून.

६. सूक्ष्म मूलद्रव्यं: आम्लाचा टप्पा

सावध: हायड्रोफ्लोरिक आम्ल एकट्याने हाताळू नका. पातळ आम्ल लागलं तर वेदना काही तासांनी सुरू होऊ शकते, आणि तोवर ते आत पोचलेलं असतं. फ्यूम हूड, जाड हातमोजे, तोंडावर ढाल. आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल टेबलावर हवं, कपाटात नको. लागलं तर पाण्याखाली धरा, जेल चोळत थेट दवाखान्यात जा आणि कुठलं आम्ल ते आधी सांगा. काचेच्या भांड्यात हे आम्ल कधीही ओतू नका.

सुमारे ५० मिलिग्रॅम भुकटी टेफ्लॉनच्या बंद कुपीत, हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्लात, गरम पट्टीवर ठेवा. नंतर उघडून कोरडी होऊ द्या, पण करपू देऊ नका. करपली की पांढरे फ्लोराइड बनतात, आणि त्यांत कॅल्शियमसोबत स्ट्रॉन्शियम आणि दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं अडकतात. मग नायट्रिक आम्ल घालून दोन-तीनदा कोरडं करा. शेवटचा द्रव उजेडात धरा. ढगाळपणा किंवा तळाशी पांढरं दिसलं तर तो मोजायला नेऊ नका.

प्रत्येक तुकडीत दोन कोरे नमुने, एक प्रमाण द्रव्य आणि एक दुबार नमुना घाला. इंडियम किंवा ऱ्होडियम अंतर्गत मानक म्हणून टाका, म्हणजे यंत्राची घसरण दुरुस्त करता येते.

तपासा: काँड्राइटच्या (आदिम उल्केच्या) मूल्यांनी भागून दुर्मीळ मृदांची रेषा काढा. ती सुरेख वाकायला हवी. करवतीसारखी आली तर मँटलचं कारण शोधू नका, विरघळवणं बघा. सीरियम एकटाच घसरला तर हवेपाण्याने खडक खाल्लेला असू शकतो. युरोपियम उंच आणि बेरियमही भरपूर असेल, तर बेरियम ऑक्साइडचा आयन युरोपियमच्याच वस्तुमानावर बसतो, ते दुरुस्त केलंय का विचारा.

गट ओळखताना पोटॅशियम, रुबिडियम आणि बेरियम यांवर एकट्याने विसंबू नका, बदललेल्या खडकात ते हलतात. टायटॅनियम, झिरकोनियम, नायोबियम आणि यिट्रियम स्थिर राहतात. स्ट्रॉन्शियमचं समस्थानिक गुणोत्तर ६६ दशलक्ष वर्षांपूर्वीचं काढून घ्या. रुबिडियम १० आणि स्ट्रॉन्शियम २२० पीपीएम असेल तर दुरुस्ती जेमतेम ०.०००१२ ची येते. आंबेनळी गटात हे मूल्य ०.७०४ च्या आसपास, तर कवचाने सर्वात जास्त दूषित झालेल्या बुशे गटात ०.७१३ च्या वर जातं. इतका फरक दुरुस्तीच्या चुकीत हरवत नाही, नमुना अदलाबदल झाला तरच हरवतो.

७. आर्गॉनसाठी प्लॅजिओक्लेज

चाळून १५० ते २५० मायक्रॉनचे दाणे घ्या. हाताच्या चुंबकाने मॅग्नेटाइट काढा, मग फ्रँट्झ चुंबकीय विलगकावर पायरॉक्सिन वेगळं करा. शेवटी जड द्रव. सोडियम पॉलिटंगस्टेट ब्रोमोफॉर्मपेक्षा सुरक्षित आहे, पण नळाचं पाणी त्याला चालत नाही, त्यातल्या कॅल्शियममुळे ते खराब होतं.

मग दाणे पातळ नायट्रिक आम्लात, त्यानंतर काही मिनिटं पातळ हायड्रोफ्लोरिक आम्लात अल्ट्रासॉनिकमध्ये धुवा. हेतू हा की दाण्याला चिकटलेली काच आणि बदललेली कड निघून जावी. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा वेचा. काळा ठिपका दिसणारा दाणा बाहेर.

का इतका खटाटोप? कारण दख्खनच्या प्लॅजिओक्लेजमध्ये पोटॅशियम अगदी कमी, ऑक्साइड म्हणून सुमारे ०.१ ते ०.३ टक्के. कॅल्शियम-पोटॅशियम गुणोत्तर चाळीस-पन्नासच्या घरात असतं. एवढ्या कमी पोटॅशियममध्ये बदललेल्या काचेचा एक कण सगळ्यांवर भारी पडतो. आख्खा खडकच मोजणं सोपं वाटतं, पण बारीक दाण्यांच्या खडकात अणुभट्टीत आर्गॉन-३९ एका खनिजातून शेजारच्यात उडी मारतो आणि वयाच्या पायऱ्या वाकड्या होतात.

अणुभट्टीत पाठवताना मॉनिटरचे, म्हणजे वय आधीच माहीत असलेल्या खनिजाचे, दाणे तुमच्या नमुन्यांच्या मधे-मधे बसतील असे रचा, फक्त टोकांना नको. आयआयटी मुंबईतल्या प्रयोगशाळेचे नमुने ट्रॉम्ब्याच्या ध्रुव भट्टीत किरणित होत आले आहेत. कुठेही पाठवा, कॅल्शियमची दुरुस्ती ज्या आर्गॉन-३७ वर अवलंबून असते, त्याचं अर्धायुष्य सुमारे ३५ दिवसांचं आहे हे लक्षात ठेवा. पाच महिने नमुना रांगेत पडला तर त्यातला साधारण पाच टक्केच उरतो, आणि कॅल्शियमने भरलेल्या दाण्यांची दुरुस्ती तोलायलाच काही राहत नाही. तारीख आधी पक्की करा.

८. प्लॅटो वाचणं

नेहमीचा निकष: सलग किमान तीन पायऱ्या, एकूण आर्गॉन-३९ च्या निम्म्याहून जास्त, आणि दोन सिग्मामध्ये एकमेकांशी जुळणाऱ्या. काही प्रयोगशाळा साठ-सत्तर टक्के मागतात. तुमचा निकष आधी लिहा, पायऱ्या बघून मग निकष ठरवू नका.

- पायऱ्या उतरत्या असतील तर आर्गॉन-३९ ची उडी तपासा.
- खोगीरासारखा आकार आला तर जादा आर्गॉनचा संशय घ्या.
- उलट आयसोक्रॉन, म्हणजे पायऱ्यांची आर्गॉन गुणोत्तरं एकमेकांसमोर मांडून येणारी सरळ रेषा, काढाच. वातावरणाचं आर्गॉन गुणोत्तर २९८.५६ धरलं असेल तर छेदनबिंदू तिथे अनिश्चिततेत बसतो का ते बघा. जुन्या लेखांत २९५.५ वापरलेलं असतं.
- कॅल्शियम-पोटॅशियम गुणोत्तर पायरीगणिक बघा. प्लॅटोच्या मधेच ते घसरलं तर तिथे प्लॅजिओक्लेज नाही, दुसरंच काही वितळतंय.

आता तुलनेची चूक. फिश कॅन्यन सॅनिडाइन या मॉनिटरचं वय २८.०२ दशलक्ष वर्षं धरून काढलेलं आणि २८.२०१ धरून काढलेलं, ही दोन वयं थेट शेजारी ठेवता येत नाहीत. फरक ०.६५ टक्क्यांचा, म्हणजे ६६ दशलक्षावर ०.४३ दशलक्ष वर्षं. मॅक्लुअर माउंटन हॉर्नब्लेंड (एमएमएचबी-१) या मॉनिटरबाबतही ५२०.४ आणि ५२३.१ यांत अर्ध्या टक्क्याचा फरक आहे. पाच वेगवेगळ्या लेखांतली वयं एका तक्त्यात घालून "इथे लाव्हा थांबला होता" असा निष्कर्ष काढणारे प्रबंध मी वाचले आहेत. जे थांबलं होतं ते फक्त मॉनिटरचं वय होतं. आधी सगळं एकाच मॉनिटरवर आणि एकाच क्षय स्थिरांकावर (किरणोत्सारी पोटॅशियमच्या क्षयाच्या धरलेल्या वेगावर) आणा.

तपासा: वरच्या प्रवाहाचं वय खालच्यापेक्षा जास्त येतंय का? चुंबकीय ध्रुवता जुळते का? सी-२९-आर हा पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र उलटं असलेला काळ साधारण ६६.४ ते ६५.७ दशलक्ष वर्षांपूर्वीचा. तुमचा प्रवाह सरळ ध्रुवतेचा आणि वय ६६.१ असेल, तर दोनपैकी एक चुकलंय.

९. झिरकॉन घेतले असतील तर

९०० अंशांवर अडीच दिवस तापवून, मग गरम हायड्रोफ्लोरिक आम्लात बारा तास ठेवून शिसं गमावलेले भाग विरघळू द्या. उरलेला गाभा मोजा. रेड बोलमध्ये जुने, वाहून आलेले दाणे मिसळतात. म्हणून सरासरी नाही, सर्वात तरुण आणि एकमेकांशी जुळणाऱ्या दाण्यांचा गट घ्या. एकच तरुण दाणा मिळाला तर तो शिसं गमावलेला असू शकतो, त्याच्यावर वय उभारू नका.

१०. छापताना तक्त्यात काय हवं

प्रत्येक वयासोबत: एक की दोन सिग्मा, फक्त यंत्राची चूक की मॉनिटर आणि क्षय स्थिरांकाचीही धरलेली, मॉनिटरचं नाव आणि धरलेलं वय, क्षय स्थिरांक, पायऱ्यांची संख्या, आर्गॉन-३९ चा टक्का, एमएसडब्ल्यूडी (पायऱ्यांची वयं किती विखुरली ते दाखवणारा आकडा), आयसोक्रॉनचा छेदनबिंदू. रसायनासोबत: कशात दळलं, प्रमाण द्रव्याची मोजलेली आणि अपेक्षित मूल्यं शेजारी शेजारी, दुबार नमुन्यातला फरक. नमुन्यांची अक्षांश-रेखांश आणि उंची. आणि टाकून दिलेल्या नमुन्यांचीही यादी, कारणासकट. पुढचा विद्यार्थी त्याच वळणावर हातोडा घेऊन उभा असेल तेव्हा त्याला तीच यादी लागते.